माणसं बसवून लावलेली लाईट

दिवाळी अंकवाल्या सरांचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. म्हणाले, "मिस्तरी, तुम्ही जन्मभर गाड्यांच्या लाईटी दुरुस्त केल्या. दिवाळी म्हणजे प्रकाशाचा सण. आमच्या अंकाला काहीतरी लिहून द्या." मी म्हटलं, "सर, मी लावलेल्या उजेडात लोकांना खड्डे दिसायचे. त्यात सणासारखं काय?" ते हसले आणि म्हणाले, हेच लिहा. शिकलेल्या माणसाला आपण टोमणा मारावा आणि त्यानं तो छापायला मागावा, म्हणजे पंचाईतच. शेवटी शेंगांची टोपली बाजूला सारली आणि बसलो लिहायला.

आमच्या घरात अहिराणी बोलतात. दुकानात हिंदी, गुजराती, अहिराणी, जे तोंडात येईल ते. ही शाळेतली मराठी मी लग्नातल्या कोटासारखी खास बाहेर काढली आहे, कुठं बटण इकडचं तिकडं लागलं असेल तर सांभाळून घ्या.

शहाद्याहून धडगावकडं निघालं की गावाबाहेर डाव्या हाताला माझं पत्र्याचं दुकान होतं. आता ते पुतण्या चालवतो. तो गाडीला लॅपटॉप लावतो आणि गाडी त्याला स्वतःच सांगते की मला काय होतंय. माझ्या काळी गाड्या इतक्या बोलक्या नव्हत्या. माझ्याकडं टेस्ट लॅम्प होता, म्हणजे एक बल्ब, दोन वायरी आणि एक चिमटा. त्यावर मी सगळी उमर काढली. ऊसाच्या हंगामात पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर यायचे, नवापूर-विसरवाडीकडचे ट्रकवाले यायचे, पण मुख्य गिऱ्हाईक म्हणजे धडगावच्या घाटात माणसं भरून नेणाऱ्या वडाप जीपा.

लोकांना वाटतं हेडलाईट म्हणजे बल्ब. गेला की नवा घाला, झालं. अहो, बल्ब हा त्यातला सगळ्यात गरीब प्राणी आहे. त्याला फक्त एकच रुसवा: काचेला बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणा काचेला लागला की तिथंच तापतो आणि उडतो. मी नेहमी फडक्यानं धरायचो. एका नवरदेवाच्या भावानं वरातीच्या गाडीचे बल्ब स्वतः बसवले, हळदीच्या हातानं. वरात मंडपापर्यंत पोचायच्या आधी दोन्ही गेले. नवरदेवाला बाकीची वाट बँडवाल्यांच्या बत्त्यांमागून काढावी लागली आणि माझं नाव मात्र फुकट खराब झालं, कारण बल्ब माझ्या दुकानातले होते.

बल्बच्या मागं वाटीसारखा चकचकीत रिफ्लेक्टर असतो. त्याची चांदी उडाली की बल्ब कितीही चांगला असू द्या, उजेड आतल्या आत मरतो. वायर बारीक असली, अर्थिंग कच्चं असलं, तरी तेच. आणि हल्लीच्या गाड्यांना पुढं काच नसते, प्लास्टिक असतं, ते उन्हानं पिवळं पडतं. ते पाण्याच्या पॉलिश पेपरनं घासून साफ करायचं असतं. फोनवर बघून टूथपेस्ट घासणारे माझ्याकडं आले की मी विचारायचो, कोणती पेस्ट, लवंगवाली का? त्यांना वाटायचं मी खरंच विचारतोय.

हे सगळं जमलं तरी अर्धंच काम झालं. खरं काम म्हणजे लाईट लावणं, म्हणजे उजेड नेमका कुठं पडावा ते ठरवणं. फार वर गेला तर समोरच्याचे डोळे फुटतात, फार खाली गेला तर आपल्याच बंपरची पूजा होते. प्रत्येक लाईटीला दोन स्क्रू असतात, एक वर-खाली करायचा, एक डावी-उजवीकडं. दुकानासमोर एका गोदामाची लांबलचक पांढरी भिंत होती. तिच्यावर मी गेरूनं आडवी रेघ मारलेली. सपाट जागी गाडी उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं, आणि डिपरचा, म्हणजे जवळचा, उजेड त्या रेघेच्या वीतभर खाली पडला की लाईट लागली. हे दिवेलागणीलाच करता येतं. म्हणून माझ्या घरी संध्याकाळचा चहा कधी वेळेवर झाला नाही, याची नोंद आमच्या मंडळींनी ठेवलेली आहे.

आता जामसिंगचं सांगतो. तो नसता तर मी हे लिहायलाच बसलो नसतो.

जामसिंग धडगावच्या वरच्या अंगाचा पावरा आदिवासी. माझ्याच वयाचा, बुटका, पक्का, आणि बोलणं असं की नदीच्या पलीकडल्या माणसाशी बोलतोय. त्याच्या घरची बोली वेगळी, पण शहाद्याच्या स्टँडवर राहून राहून अहिराणी माझ्यापेक्षा झणझणीत बोलायचा. पहिल्यांदा जीप घेऊन आला तेव्हा मी भिंतीसमोर उभी करून झकास लाईट लावून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानासमोर येऊन उभा.

"मिस्तरी," म्हणाला, "तू माले माकडे दखाडात, रस्ता नई दखाडा."

मला कळेना. मग उलगडलं. मी लाईट लावली तेव्हा जीप रिकामी होती. स्टँडवर गेल्यावर मागं माणसं, माणसांच्या मांडीवर माणसं, टपावर बोचकी, मागच्या फळीवर लटकलेले वेगळे. मागचा भाग खाली बसला आणि जीपचं नाक वर गेलं. नाकाबरोबर लाईटीही. सगळा घाट त्यानं झाडांचे शेंडे बघत काढला, आणि शेंड्यांवरची माकडं उजेड पडला म्हणून जागी होऊन त्याच्यावर खेकसत होती.

मी म्हटलं, "कंपनीची पद्धत हीच आहे, रिकाम्या गाडीची लाईट लावायची."

तो म्हणाला, "मन्ही गाडी कव्हय रिकामी ऱ्हास? माणसे बठाडीसन लाव ना."

बोला आता. घाटात रिकामी जीप जातच नाही, तर रिकाम्या जीपची लाईट लावायची कशाला? त्या दिवसापासून आमच्याकडं माणसं बसवून लाईट लावायची रीत पडली. जीपवाला स्टँडवरून प्रवासी भरूनच माझ्याकडं यायचा. प्रवासी भिंतीकडं तोंड करून बसायचे, मी स्क्रू फिरवायचो, आणि मग जीप तशीच घाटाला लागायची. कोणी म्हणायचं नाही की उशीर होतोय. उलट लोकांना ते आवडायचं. पडद्यावर सिनेमा सुरू व्हायच्या आधी बसतात तसे बसायचे आणि भिंतीवरचा उजेड वर-खाली झाला की आपलं मत द्यायचे. एकदा एक बाई वजनाला कमी पडतेय असं वाटून मांडीवर माझी जुनी बॅटरी घेऊन बसली होती.

यात एक गोष्ट नीट समजून घ्या, ती पुढं लागणार आहे. इंजिन चालू असतं, डिझेलची जीप, आवाजानं कान किटतात. म्हणून मी भिंतीजवळ जाऊन हातानं खुणा करायचो. मूठ म्हणजे डिपर. पंजा म्हणजे अप्पर, लांबचा उजेड. ड्रायव्हर खुणा बघून बटण दाबायचा. मला मात्र तो दिसायचा नाही, कारण दोन्ही लाईटी माझ्या तोंडावर. समोर नुसता पांढरा उजेड आणि त्याच्यामागं माणसांनी भरलेला अंधार.

जामसिंगच्या जीपमध्ये वजनाला कायम असायची ती ठुमलीबाई. वरच्या पाड्यावरची, आमचूर विकायला शहाद्याच्या बाजारात यायची आणि परतीला त्याच्याच जीपनं जायची. बसायची पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी. तिथं दुसरं कोणी बसलं तर ती काही बोलायची नाही, नुसती उभी राहून बघायची. बघता बघता माणूस उठून मागं जायचा. जामसिंगची आणि तिची सगळी वाट भांडणं चालायची असं लोक सांगत.

अशी पुष्कळ वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात जामसिंग तक्रार घेऊन आला.

"लाईट मंद पडी गयी."

बल्ब बघितले, ठणठणीत. तरी नवे घातले. चार दिवसांनी पुन्हा हजर. म्हणे, "धूर भरेल शे समोर." रिफ्लेक्टर बदलले. पुन्हा आला. म्हणे, समोरून गाडी आली की तिची लाईट फटाक्यासारखी फुटते आणि सगळीकडं पसरते. मी म्हटलं, ती समोरच्याची लाईट, तिचं मी काय करू? त्यावर म्हणाला, "मन्ही मंद शे म्हनीसन त्यान्ही मोठी दखास." हे ऐकायला इतकं बरोबर वाटलं की मी त्याच्या अख्ख्या वायरी बदलल्या. जाड वायर टाकली, रिले, म्हणजे बटण दाबलं की करंट सोडणारी डबी, बसवला, अर्थिंग नव्यानं घासून घेतलं. लाईट अशी पेटली की समोरच्या गोदामाचा वॉचमन बाहेर येऊन शिव्या देऊन गेला.

आणि जामसिंग म्हणाला, "जराखं बरं शे."

जराखं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एखाद्या स्वयंपाकिणीला पुरणपोळीबद्दल कोणी "चालेल" म्हणावं तसं झालं. मी म्हटलं, संध्याकाळी गाडी भरून आण, भिंतीवर लावून दाखवतो मंद आहे की काय ते.

आला. जीप खच्चून भरलेली. पुढं ठुमलीबाई, मांडीवर रिकामी टोपली. मी स्क्रू सैल केले, भिंतीजवळ गेलो आणि मूठ दाखवली. डिपर लागेना. पुन्हा मूठ दाखवली. मग कुठं लागला. पंजा दाखवला. तेच. थोडा वेळ जायचा आणि मग अप्पर. मला आधी वाटलं रिले चिकटतोय. मनात रिलेला दोन शिव्या घातल्या. मग कान दिला, तर इंजिनाच्या आवाजातून बायकी आवाज यायचा आणि त्याच्या पाठोपाठ बटण दाबलं जायचं. मी खूण करत होतो आणि ठुमलीबाई त्याला सांगत होती.

मला काय सुचलं कोण जाणे. मी तिथंच, भर उजेडात, रेघेसमोर उभा राहून वाकुल्या दाखवल्या. साध्यासुध्या नव्हेत. दोन्ही अंगठे कानात, बोटं हलवत, जीभ पार हनुवटीपर्यंत बाहेर. नातवंडं असलेला माणूस मी. जामसिंगनं पाहिलं असतं तर गाडीतून उतरून मारायला धावला असता, नाहीतर आईवरून काहीतरी बोलला असता. त्याच्या अंगात तेवढी गरमी होती.

अख्खी जीप खिदळली. टपावरचेसुद्धा हसले. आणि त्या हसण्याच्या मधूनच जामसिंगचा आवाज आला, नदीपलीकडं पोचेल असा.

"काबर हासी ऱ्हायनात रे?"

हसणं थांबलं. एकदम नाही, मागच्या बाकापर्यंत पोचायला वेळ लागला, पण थांबलं. मी तसाच उभा, अंगठे कानात. मग ठुमलीबाईचा आवाज आला, इंजिनावरून ऐकू येईल एवढा, पण नेहमीसारखा नाही, मऊ.

"काई नई. तू लाईट लाव."

माझे हात खाली आले. भिंतीजवळ माणूस उभा आहे एवढं त्याला दिसत असणार. त्या माणसाची बोटं दिसत नव्हती, जीभ दिसत नव्हती. आणि आता हा माणूस ही एवढी माणसं घेऊन घाटात जाणार होता.

स्क्रू घट्ट करायच्या निमित्तानं मी जीपच्या पुढच्या दाराशी गेलो. जामसिंग टायर बघायला खाली उतरला होता. मी ठुमलीबाईला हळूच विचारलं, हे कधीपासून?

"पावसायापासून," ती म्हणाली. "आमले म्हाईत शे. मी पुढे बठस. महू ऊना का सांगस, नाला ऊना का सांगस."

म्हणजे ते भांडण नव्हतं. मोहाचं झाड आलं, नाला आला, वळण आलं, असं ती त्याला सगळी वाट सांगत जायची, आणि तो नकळत ते ऐकून गाडी वळवायचा. त्यालाही वाटायचं बाई बडबडतेय. बडबडीत रस्ता होता. मी तिला म्हटलं, मग दुसऱ्या जीपनं का जात नाहीस? तिनं माझ्याकडं असं बघितलं जणू मी काही घाण बोललो. म्हणाली, मी उतरले तर याला कोण सांगणार?

त्या दिवशी मी काहीतरी कारण काढून त्यांची जीप थांबवली. म्हटलं रिले जळायला आलाय, गाडी पेट घेईल. प्रवासी दुसऱ्या जीपांत पांगले. घरी येऊन मंडळींना सगळं सांगितलं. मी म्हटलं, त्याला तोंडावर कसं सांगू? आम्ही जीपवाले-मिस्तरी लोक, आम्हाला गाडीचा दोष सांगता येतो, माणसाचा नाही. आणि त्याला सांगितलं तर तो मानणार नाही, दुसऱ्या मिस्तरीकडं जाईल, तो बिचारा पुन्हा बल्ब बदलत बसेल. आमच्या मंडळी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लाईटच नई तर आंधारामा जाई कसा? काढी ले."

सकाळी मी जामसिंगच्या जीपच्या दोन्ही हेडलाईट रिंगांसकट काढून घेतल्या. त्याला सांगितलं, आतला एक पार्ट खराब आहे, सुरतहून येवाना शे. डोळे काढलेली जीप बघून तो हळहळला. पण उजेड आहे तोवर एखादी फेरी मारत राहिला, ठुमलीबाई शेजारी. ते तरी कुठं बरोबर होतं, तुम्ही म्हणाल. मीही मनातल्या मनात तेच म्हणत होतो आणि त्याची जीप खाली परत आलेली दिसेपर्यंत माझं कशात लक्ष लागत नव्हतं.

तो रोज दुपारी यायचा. "पार्ट ऊना का?"

"नई ना भो."

सुरतवाल्यांवर दोघं मिळून तोंडसुख घ्यायचो. मी तर इतका रंगून जायचो की माझ्याच खोट्या पार्टबद्दल मला खरा राग यायचा. मधेच मी त्याला म्हणायचो, सहज एकदा डोळे तपासून ये की, आमच्या मंडळींनीही तपासले. तो म्हणायचा, "डोयासले काय धाड भरनी? लाईट दे."

अशात होळी तोंडावर आली. होळीला आमच्या सातपुड्यातली सगळी माणसं घरी येतात. गुजरातेत ऊस तोडायला गेलेली, विटा पाडायला गेलेली, बोचकी-पोरं घेऊन परततात, आणि स्टँडवर जीपांना पाय ठेवायला जागा नसते. अंधार पडला तरी फेऱ्या चालू. एका दुपारी जामसिंग उन्हातून तरातरा दुकानात घुसला. मागं ठुमलीबाई.

"होळी उनी, मिस्तरी. लोके गुजरातथीन येतीन, त्यासले घर कोन लई जाई? पार्ट गया खड्डामा. मन्ह्या लाईटी दे, मी धुळ्याला लई जास. कोठे शेतस?"

आता माझं दुकान केवढं, तर चार माणसं उभी राहिली की पाचव्यानं श्वास बाहेर घ्यावा. त्याच्या दोन्ही लाईटी मी समोरच्या खिळ्याला टांगलेल्या होत्या. त्याच्या नाकासमोर. रोज तो तिथंच उभा राहून मला विचारायचा आणि रोज मला वाटायचं, आज बघेल आणि माझं थोबाड फोडेल. आज तर तो त्यांच्याकडंच तोंड करून विचारत होता, कोठे शेतस.

ठुमलीबाईनं खिळ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

मी त्याचा हात धरला आणि उचलून लाईटीवर ठेवला. "हाई काय शे, सांग."

त्यानं हात फिरवला. आधी चिडून, मग सावकाश. उजव्या लाईटीच्या रिंगला एक पोचा होता. घाटात दरड पडली तेव्हा दगड लागून झालेला. मी किती वेळा म्हटलं रिंग बदलू, तर म्हणायचा नको, हा पोचा माझ्या डोक्यावरचा होता, गाडीनं घेतला. त्याची बोटं फिरत फिरत त्या पोच्यावर येऊन थांबली.

"मन्ही लाईट शे," तो म्हणाला. मग पोचा पुन्हा एकदा चाचपून, "कव्हयपासून आठे शे?"

"तू रोज इचारस तव्हयपासून."

तो बाकावर बसला. इतक्या वर्षांत मी त्याला बारीक आवाजात बोलताना पहिल्यांदा ऐकलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "लोकेसले समजनं तर मन्ही गाडीमा कोन बठी, मिस्तरी?"

उत्तर दिलं ठुमलीबाईनं, टोपली जमिनीवर ठेवून.

"बठणारासलेच म्हाईत शे. तरी बठतस ना."

जामसिंगनं खिशातून जीपची चावी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. मी दोन्ही लाईटी जीपला परत बसवल्या, आणि होळीच्या फेऱ्या स्टँडवरच्या दुसऱ्या एका ड्रायव्हरनं मारल्या. जामसिंग आपल्याच जीपमध्ये मागच्या बाकावर वजन म्हणून बसून घरी गेला. त्यानं नंतर मला सांगितलं, सगळी वाट ठुमलीबाई सवयीनं "महू ऊना, नाला ऊना" करत होती. नवा ड्रायव्हर वैतागून म्हणाला, आजी, माले दखास. तेव्हा मागं बसून जामसिंगनं पहिल्यांदा ते नीट ऐकलं. एरवी शेजारी बसून त्याला ती बडबड वाटायची.

होळीनंतर आमच्या मंडळींनी आणि मी त्याला नंदुरबारला नेलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, गाडी चालवत नाही ना? जामसिंग माझ्याकडं बघून म्हणाला, "नई, ह्यानी लाईटी काढी लिन्यात." त्यांना वाटलं घरची लाईट. आधी एक डोळा झाला, मग दुसरा. दवाखान्यातून पट्टी काढून आल्यावर त्यानं मला जवळ बोलावलं, तोंड वर करून बराच वेळ निरखलं आणि म्हणाला, "मिस्तरी, तू इतला म्हातारा कव्हय झाया?" आता हे त्याचे आभार समजायचे.

मला एक रुखरुख अजून आहे. माझ्याइतका उजेड त्या रस्त्यावर कोणी मोजला नसेल, पण मी कायम भिंतीकडं बघत राहिलो. बघणाऱ्याकडं बघायचं असतं हे मला फार उशिरा सुचलं, तेही एका बाईनं बटणाच्या आधी आवाज दिला म्हणून. आता पुतण्याला सांगतो, गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा मंद म्हणायला लागलं तर लॅपटॉप गाडीला लावायच्या आधी त्याला भिंतीवर किती बोटं ते विचार. तो मान हलवतो. त्याच्या लॅपटॉपमध्ये ते नसावं.

डॉक्टरांनी गाडी चालवायला हो म्हटल्यावर जामसिंग सरळ दुकानासमोर येऊन उभा. तक्रार तयारच. त्या दुसऱ्या ड्रायव्हरनं म्हणे लाईटीची सेटिंग बिघडवून ठेवली. खरं म्हणजे काही बिघडलेलं नव्हतं. तरी म्हटलं, संध्याकाळी भरून आण.

कुठून कळलं कोणास ठाऊक, पण स्टँडवरची सगळी माणसं वजनाला आली. ज्यांना धडगावला जायचं नव्हतं तीसुद्धा. वॉचमन आपणहून चढला. आमच्या मंडळी मधल्या बाकावर दाबून बसल्या. जीपचं नाक असं वर गेलं की लाईट भिंत सोडून गोदामाच्या पत्र्यावर पडली. मी ओरडून अर्ध्यांना उतरवलं, स्क्रू फिरवले, आणि माझ्या नेहमीच्या जागी, रेघेसमोर जाऊन उभा राहिलो.

दोन्ही लाईटी माझ्या तोंडावर. समोर नुसता पांढरा उजेड. मी मूठ दाखवली. डिपर लगेच लागला, आणि या खेपेला आधी बाईचा आवाज आला नाही. पंजा दाखवला. अप्पर लगेच. पुढची खूण काय करायची ते मी विसरलो. उभा राहिलो हात खाली सोडून.

तेवढ्यात अख्खी जीप खिदळली. ठुमलीबाई, वॉचमन, टपावरचे, सगळे. आमच्या मंडळींचं हसणं तर मला शंभरातून ओळखू येतं. मी कपाळावर हात धरून डोळे बारीक केले. काही दिसेना.

"काबर हासी ऱ्हायनात रे?" मी ओरडलो.

"काई नई, मिस्तरी," उजेडामागून जामसिंग म्हणाला. "तू लाईट लाव."

आवाज त्याचाच होता, पण जीभ तोंडाच्या बाहेर ठेवून बोललेला.